पान उघडतं पण बटण चालत नाही? फेच वापरताना या चुका टाळा

राजेंद्र नगरातल्या आमच्या काकू दिवाळीचा फराळ विकतात, त्यांचं ऑर्डरचं पान मी बनवून दिलं. घरच्या वायफायवर एकदम झकास. दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन, "अरे, राजवाड्याजवळून एक बाई ऑर्डर करतायत, चकलीचं बटण दाबतायत पण काहीच होत नाही म्हणे!"

चूक माझीच. पदार्थांची यादी फेचने (जावास्क्रिप्टमधलं सर्व्हरवरून माहिती मागवणारं फंक्शन) मागाहून येते, त्यामुळे बटण शोधायला गेलं की क्वेरीसिलेक्टर (पानातला घटक शोधणारं फंक्शन) नल, म्हणजे "सापडलं नाही", देत होता, म्हणून मी सेटटाइमआउटमध्ये २००० (म्हणजे दोन सेकंद थांबून मग शोध) टाकून मोकळा झालो. घरी यादी अर्ध्या सेकंदात यायची, बाईंच्या मोबाइलवर चार सेकंद लागले, तोवर माझा कोड नलवर आपटून बसला होता. डीओएमकंटेंटलोडेड या इव्हेंटने पण हे सुटत नाही हं, तो फक्त एचटीएमएल वाचून झालं एवढंच सांगतो, फेचची वाट तो बघत नाही.

उपाय सोपा आहे. बटणावर लिसनर (क्लिक झाला की चालणारा कोड) लावूच नका, यादीच्या बाहेरचा जो डिव (यादी ठेवायचा डबा) पानात आधीपासून असतो त्याच्यावर लावा, क्लिक वरपर्यंत येतोच, मग टार्गेटवर (जिथे क्लिक झाला तो घटक) क्लोजेस्ट (तिथून वर जात जवळचा घटक शोधणारं फंक्शन) चालवून कुठलं बटण ते बघा. पानातला मजकूर दुसऱ्याच कोणाच्या स्क्रिप्टमधून येत असेल तर म्युटेशनऑब्झर्व्हर (पानात बदल झाला की कळवणारा) लावा, पण काम झालं की डिस्कनेक्ट करा.

फेचबद्दल अजून एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते भिया, सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी फेच फेल होत नाही! कॅच (चूक पकडणारा कोड) कोरडाच राहतो. रिस्पॉन्सचं ओके स्वतः तपासावं लागतं. आणि उत्तरातली माहिती काढणाऱ्या जेसन फंक्शनच्या आधी पण अवेट (उत्तर येईपर्यंत थांब) लागतो, नाहीतर हातात नुसतं प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर येईल एवढा वायदा. यादीवर फिरणाऱ्या फॉरईचमध्ये अवेट लावून तर काही फायदाच नाही, तो थांबत नाही, साधा फॉर-ऑफ लूप घ्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं सर्चने. बॉक्समध्ये "करंजी" लिहिलं तर आधी करंजी दिसायची आणि क्षणात खाली कडबोळी, करंजी, सगळंच! झालं असं की प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जात होती, आणि नुसत्या "क"चं उत्तर मोठं म्हणून रेंगाळत सगळ्यात शेवटी येऊन बरोबर यादीवर बसत होतं. वायफायवर हे कधी दिसलंच नाही, ब्राउझरच्या डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग लावून स्पीड पाडला तेव्हा कुठे पकडलं. आता नवीन रिक्वेस्टच्या आधी अ‍ॅबॉर्टकंट्रोलरने जुनी रद्द करतो.

फक्त रद्द केलेली फेच अ‍ॅबॉर्टएरर फेकते, तो कॅचमध्ये वेगळा काढा. मी नव्हता काढला, तर दर अक्षराला "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" झळकायला लागलं आणि परत काकूंचा फोन.