नाशिकच्या डोंगरमाथ्यांवरून द्राक्षबागा: कधी जायचं, कुठून चढायचं, काय सांभाळायचं

नाशिकला येऊन ‘डोंगरावरून द्राक्षबागा बघायच्या’ म्हणणारे बरेच जण गाडी त्र्यंबककडे वळवतात आणि हरिहर किंवा अंजनेरी चढून येतात. डोंगर दोन्ही उत्तम, पण बागा फारशा दिसत नाहीत, कारण तो भरपूर पावसाचा आणि भाताचा पट्टा आहे. द्राक्षाला पाऊस सोसत नाही. बागा आहेत त्या दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत, म्हणजे पूर्वेकडे पाऊस कमी होत जाऊन जो कोरडा भाग लागतो तिथे. त्यामुळे डोंगरही त्याच बाजूचा निवडायचा.

कोणता डोंगर

शहराच्या उत्तरेला म्हसरूळजवळचं चांभार लेणं पायऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासात होतं. सवय नसलेल्यांना आणि लहान मुलांना ठीक आहे, पण आता तिथून बागांपेक्षा इमारतीच जास्त दिसतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रामशेजच करावा. पेठ रस्त्यावर नाशिकपासून साधारण १५ किलोमीटरवर आशेवाडी हे पायथ्याचं गाव. एसटीने आलात तर फाट्यावर उतरून गावापर्यंत चालायचं. वाट मळलेली, बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांची. रमतगमत गेलं तरी पाऊण ते एक तास. वाटेत कातळात रामाचं मंदिर आहे. १६८२ नंतर मोगल फौज हा छोटासा गड घेण्यासाठी काही वर्षं झुंजली, ते माथ्याभोवतीचा कडा पाहिला की लगेच पटतं. माथा लांबट आणि बराचसा मोकळा. बागांसाठी उत्तरेच्या म्हणजे दिंडोरीच्या अंगाला उभं राहायचं, दक्षिणेला शहर येतं. शेजारच्या भोरगडावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिकडे जायचा विचार करू नका.

दमदार चाल हवी असेल तर धोडप. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वडाळीभोईहून आत हट्टी गाव गाठायचं. उंची चौदाशे मीटरच्या वर. चढायला अडीच ते तीन तास, उतरायला दोन, वर दीड-दोन तास. म्हणजे अख्खा दिवस याच्या नावाने ठेवायचा. वाटेत माचीवर वस्ती आणि जुने दरवाजे लागतात. वरचा पिंडीसारखा सुळका चढायला दोर आणि प्रशिक्षण लागतं. बाकीच्यांनी त्याच्या पायथ्याच्या गुहांपर्यंत जाऊन पुढे कातळाच्या लांब भिंतीकडे जायचं. ही भिंत म्हणजे जमिनीच्या भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा खडक झिजून गेला, ही उभी राहिली. मध्येच तिला सरळ कापल्यासारखी मोठी खाच आहे. भिंतीवर वारा जोराचा असतो, रुंदी कमी, तेव्हा फोटोसाठी मागे-मागे सरकणं बंद. पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग अशी सातमाळा रांग आणि दक्षिणेला सपाटीवरच्या बागा, असं दोन्ही एकाच जागेवरून दिसतं. आमच्या मते या पट्ट्यात याहून चांगली जागा नाही.

महिना आणि वेळ

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. डोंगर सर्वांत हिरवा सप्टेंबर-ऑक्टोबरात, पण बागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, त्याच सुमारास होते. छाटणीनंतर काही आठवडे वेलीच्या नुसत्या काड्या असतात. वरून बाग तपकिरी दिसते. पानोरा, म्हणजे वेलीवरची पानं, भरायला नोव्हेंबर उजाडतो. म्हणून नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा काळ. तोवर डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, बागा मात्र गर्द. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर पुन्हा काड्या, आणि ऊनही सोसवत नाही. पावसाळ्यात माथा ढगात असतो. तेव्हा जायचं तर धबधब्यांसाठी जा, बागांसाठी नको.

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास होतो. पहाटे अंधारात चढून सूर्योदय गाठायची हौस असते, पण थंडीत सपाटीवर धुकं आणि धूर नऊपर्यंत साचून राहतो. कडाक्याच्या थंडीत निफाडकडे शेतकरी बागा वाचवायला शेकोट्या पेटवतात, त्याची भर. डोंगर छान दिसतात, खालच्या बागा नाहीत. साडेनऊ ते अकरा ही वेळ जास्त खात्रीची. दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की ओळींच्या सावल्या पडतात आणि बागा उठून दिसतात. पण थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा रामशेजवरून पाचला आणि धोडपवरून तीनला निघायचं म्हणजे निघायचं.

वाइनची बाग कोणती आणि खायच्या द्राक्षांची कोणती, हे वरूनही ओळखता येतं. वाइनच्या वेली उभ्या तारांवर वाढवतात, त्यामुळे ओळी अरुंद आणि मधली माती स्पष्ट दिसते, कंगव्याने भांग पाडल्यासारखी. खायच्या द्राक्षांच्या वेली वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर किंवा मांडवावर पसरतात. तिथे माती झाकली जाऊन सलग हिरवा पट्टा दिसतो. असे पट्टेच जास्त असतात, कारण नाशिकची बहुतेक द्राक्षं खायची आहेत. मध्ये चमकणारे चौकोन म्हणजे प्लास्टिक अंथरलेली शेततळी. सोबत ८×४२ ची दुर्बीण असेल तर हे सगळं छान उलगडतं.

चढताना

सह्याद्रीतला हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचलेला. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार. म्हणून वाट नेहमी उतार, कडा, सपाट पट्टी, पुन्हा उतार अशी जाते. कड्याखाली पोहोचलात आणि वाट हरवली, तर तिथूनच वर घुसू नका. कड्याच्या पायथ्याने आडवं चाला. खोदीव पायऱ्या किंवा घळ सापडते. दहा-पंधरा मिनिटांत काहीच सापडलं नाही, तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. गुरांच्या वाटा फसव्या असतात, त्या आडव्या जातात आणि मध्येच विरतात.

पाय घसरतो तो बहुधा कातळावर नाही, घसाऱ्यावर. टणक खडकावर बारीक मुरूम पसरलेला असतो आणि नोव्हेंबरनंतर त्यावर वाळकं गवत आडवं पडतं. उतरताना शरीर मागे टाकून टाचेवर भार दिला की पाय सुटतो. गुडघे किंचित वाकवा, पावलं लहान ठेवा, पाऊल थोडं तिरपं टाका, भार पूर्ण पायावर. गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. खड्या टप्प्यावर तोंड खडकाकडे करून उतरा आणि दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले ठेवा. प्रत्येक दगड आधी हलवून पाहा. घळीत एका वेळी एकच जण. खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्याने हलायचं नाही. दगड सुटलाच तर ‘दगड, दगड’ असं ओरडायचं.

पाणी माणशी रामशेजला दोन लिटर, धोडपला तीन, मार्चमध्ये आणखी एक. ओआरएसची पुडी एक लिटरमध्ये एक, अर्ध्या ग्लासात नाही. गडावरच्या टाक्यांचं पाणी उकळल्याशिवाय किंवा फिल्टर केल्याशिवाय पिऊ नका. बुटाचा तळवा खोल खाचांचा हवा. जॉगिंगचे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर कामाचे नाहीत. लांब पँट, टोपी, शिट्टी, आणि मोबाइलचा भरवसा न धरता वेगळी टॉर्च.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर, जोरजोरात गाणी, दगड मारणं, ड्रोन, सगळं टाळा. माशा उठल्याच तर हात झटकू नका. डोकं-तोंड कापडाने झाकून कड्यापासून दूर निघा. घाबरून धावणारा माणूस कड्यावरून पडतो, हा धोका डंखांपेक्षा मोठा.

बागेजवळ

पायथ्याला बाग लागली तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. फोटोला सहसा कुणी नाही म्हणत नाही. घड तोडून खाऊ नका. चोरी तर आहेच, शिवाय फवारणी कधी झाली हे तुम्हाला माहीत नसतं, आणि फवारणीनंतर ठरावीक दिवस गेल्याशिवाय शेतकरी स्वतःही तो माल काढत नाही. फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर चालू असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूने लांबून जा. अँगलच्या तारांना टेकू नका. एक ताण सुटला तर माल लगडलेली ओळ खाली बसते.

वाइनरीला जायचं असेल तर ते उतरल्यावर, जेवून, आणि परत गाडी चालवणारा वेगळा ठेवून. चढाईआधी घोटभरही नको. उन्हात पाणी कमी पडतंच, त्यात तोलही जातो. गडावर बाटली न्यायची नाही. शनिवार-रविवारी वाइनरीत जागा आधी सांगून ठेवावी लागते. धोडप करून त्याच दिवशी गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत पोहोचायचा बेत आखू नका. अंतर बरंच आहे आणि महामार्गावर संध्याकाळी गर्दी असते. रामशेज सकाळी उरकला तर दुपारी एकपर्यंत तिथे आरामात पोहोचता.