गणपतीला गावी निघण्याआधी गाडीचे पोट मोजा

मागच्या भाद्रपदात वाडीच्या शेवटच्या चढणीवर आमच्या गाडीचे चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, जांभ्याच्या दगडावर आपटून फुटले आणि मूर्ती डोक्यावर घेऊन उरलेली वाट आम्हांला भर पावसात चालावी लागली. म्हणून यंदाची तयारी आधीच लिहून ठेवत आहे.

कागदपत्रे, स्टेपनी, वायपर यांविषयी सांगायला नको. पहिले काम गाडीखालची जागा मोजण्याचे, आणि ती गाडी भरल्यावर मोजायची. छोट्या गाड्यांच्या माहितीपत्रकात साधारण १६० ते १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स दिलेला असतो. तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो आणि मी नेमका तोच आकडा पाठ करून निघालो होतो. यंदा तीच पाच माणसे, मखराचे सामान आणि तेलाचे डबे गाडीत घालून टेप लावला, तेव्हा चेंबरखाली जेमतेम १३५ भरले. चेंबरला लोखंडी गार्ड जरूर बसवावा, मात्र तोही सेंटिमीटरभर जागा खातो, तेव्हा तो बसवल्यावर पुन्हा मोजावे, अर्थात भरलेल्या गाडीतच. टायरमधील हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्यात पूर्ण भारासाठी दिली आहे तेवढी ठेवावी.

गतिरोधकांचा हिशेब आधी समजून घ्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. छोट्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अडीच मीटरच्या आसपास असल्यामुळे तो एकाच वेळी दोन्ही चाकांच्या मधोमध मावत नाही. गावातला हातभर रुंदीचा, हौसेने उंच केलेला गतिरोधक मात्र सबंध पोटाखाली येतो. तो तिरका, एकेक चाक चढवत ओलांडावा. माणसे उतरवण्यात कमीपणा मानू नये.

कच्च्या रस्त्यावर चाकोरी सोडावी. पावसात चाकोरी खोल जाते, मधला उंचवटा तेवढाच वर राहतो, आणि त्यावरच्या हिरव्यागार गवतात दगड दिसत नाही. माझा दगड तिथेच होता. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेला चढवता येत असेल तरच पुढे जावे, नाहीतर गाडी देवळापाशी लावून सामान उचलावे. आणि चढणीच्या पायथ्याशी सर्वांना उतरवावे, आजींनासुद्धा. भरलेली गाडी वेगळी गाडी असते, हे कितीदा लिहू?

आपटल्याचा आवाज आला तर थांबून खाली वाकून पाहावे. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्क्षणी बंद करावे, घर दिसत असले तरी. वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असेल तर जाऊ नये. परतीला नारळांची पोती चढल्यावर टेप पुन्हा लावावा.