आकाशदर्शनाला निघण्याआधी गच्चीवर करायची तयारी

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. घेतलीच असेल तर सध्या खोक्यातच राहू द्या. आधी आपल्या गावाचा अक्षांश वहीत लिहा: पुणे १८.५, मुंबई १९, नागपूर २१, पणजी १५.५. पुढचं सगळं या एका आकड्यावर बेतलेलं आहे, कारण ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जवळपास तेवढेच अंश वर असतो. म्हणजे आपल्याकडे बराच खाली. उत्तरेला इमारत असली तर दिसायचाच नाही.

दिशा दिवसाउजेडी ठरवून कठड्यावर खडूने खुणा करा. फोनमधलं होकायंत्र लोखंडी जिना, टाकी, सळया यांच्यापासून लांब जाऊन बघा. खूण बरोबर आहे का, हे तारेच सांगतात. मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे वैषुविक वृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या अगदी वर आकाशात असलेल्या वर्तुळाला, लागूनच आहेत, त्यामुळे ते जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. डिसेंबरात संध्याकाळी सातच्या सुमाराला ही परीक्षा घेता येते.

अंश मोजायला हात पुरतो. हात ताठ धरला की मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत खमध्यापर्यंत, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपर्यंत जा; नवाच्या आसपास मुठी बसल्या पाहिजेत. आठच बसल्या तर तुमची मूठ ११ अंशांची, तशी नोंद करून ठेवा.

आता खरा गृहपाठ. उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) आणि दिगंश (क्षितिजावरची दिशा) हे तुमच्या गच्चीपुरते, घटकाघटकाला बदलणारे. विषुवांश (वैषुविक वृत्तावर मोजलेलं पूर्व-पश्चिम स्थान) आणि क्रांती (त्या वृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर) ताऱ्यासोबत खगोलावर, म्हणजे आकाशाच्या गोलावर, राहतात, नकाशात तेच छापलेले असतात. एकातून दुसऱ्यात कसं जायचं ते दक्षिणेच्या अगस्त्य ताऱ्यावर करून बघा. पुण्यात वैषुविक वृत्त दक्षिणेला ९० वजा १८.५, म्हणजे ७१.५ अंशांवर याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतं. अगस्त्याची क्रांती दक्षिण ५२.७. वजाबाकी केली की उरतात १८.८ अंश, यापेक्षा वर तो पुण्यात कधीच चढत नाही. गंमत अशी, की त्या वेळी उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य जवळपास एकाच उंचीवर असतात, दोन्हीकडे दोन-दोन मुठी. नागपूरकरांना अगस्त्य १६ अंशांवरच मिळेल, पणजीत मात्र जवळजवळ २२ वर. आकडे आधी घरी काढा, मग वर जाऊन मूठ लावा. ॲप त्यानंतर उघडायचं, आधी नाही.

वेळ ठरवताना एक फरक धरा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८५ वर, अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने पुण्याची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. तो धरून अगस्त्य १० फेब्रुवारीला रात्री साडेनऊनंतर लगेच याम्योत्तरावर येतो. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर येतात, म्हणून १० मार्चला पावणेआठलाच. पंचांगातले ग्रहांचे भोगांश (सूर्याच्या वार्षिक मार्गावर मोजलेलं स्थान) मात्र तारानकाशावर तसेच मांडू नका. आपली बहुतेक पंचांगं निरयन आहेत, म्हणजे ताऱ्यांना धरून ठरवलेल्या आरंभबिंदूपासून मोजतात, आणि नकाशा वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य वैषुविक वृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून मोजतो. दोहोंत सुमारे २४ अंशांचं अंतर आहे.

बाकी किरकोळ: अमावास्येच्या आसपासची रात्र, टॉर्चला लाल जिलेटिन कागद, डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं, फेब्रुवारीत माळावर स्वेटर. जागा निवडताना दक्षिण क्षितिज मोकळं आहे ना, एवढं तिथल्या कुणाला तरी आधी विचारून घ्या.