लालभडक प्लेटवर पाण्याचा जेट सोडताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. ती म्हणजे तापलेली स्टील प्लेट पाण्याने गार करताना हीट ट्रान्सफर कोएफिशियंटचा (सरफेस आणि पाण्यात दर एक डिग्री फरकामागे किती वेगाने उष्णता निघते ते सांगणारा) एकच आकडा धरायचा आणि पूर्ण कूलिंगचं गणित त्यावर करायचं. नोझल तेच, फ्लो तोच, पाणी तेच, मग आकडा का बदलेल असं वाटतं ना? पण तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडून बघा, थेंब गोळ्यांसारखे पळत सुटतात आणि आटता आटत नाहीत, आणि तवा जरा निवला की तेच पाणी चर्र करून क्षणात उडून जातं. जर्मन डॉक्टर लायडेनफ्रॉस्टने 1756 मध्येच हे लिहून ठेवलंय. 800-900 डिग्रीच्या स्टीलवर पण हेच होतं, पाणी आणि प्लेटच्या मध्ये वाफेची पातळ चादर तयार होते आणि ती उष्णता अडवते, याला फिल्म बॉइलिंग म्हणतात. सरफेस पुरेसा खाली आला की चादर फाटते, पाणी थेट स्टीलला भिडतं आणि हीट फ्लक्स (दर चौरस मीटरमधून उष्णता निघण्याचा वेग) एकदम उसळी घेतो. म्हणजे प्लेट गार होत जाते तसा उष्णता ओढण्याचा वेग वाढतो, आपल्या अंदाजाच्या बरोब्बर उलटं! म्हणून कोएफिशियंट सरफेस टेंपरेचरप्रमाणे बदलता ठेवा, त्याला पर्याय नाही.

आता यात अजून एक गुंता आहे. जेट जिथे आदळतो तिथे गार पाण्याचा मारा इतका असतो की चादर फार टिकत नाही, तिथे काळा डाग दिसायला लागतो आणि तो हळूहळू बाहेर पसरतो, पण त्याच्या कडेपलीकडे अजून फिल्म बॉइलिंगच चालू असतं. एकाच प्लेटवर चार बोटांच्या अंतरात दोन वेगळ्या दुनिया असतात. सगळ्याचं सरासरी काढून टाकलं तर शेवटचं तापमान कदाचित जुळेलही, पण प्लेट वाकडी का झाली किंवा एका पट्ट्यात कडकपणा जास्त का आला ते कधीच कळणार नाही.

मापनातली चूक मी स्वतः केलीय, म्हणून कळकळीने सांगतो. थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) सरफेसच्या 2 मिमी खाली होतं आणि मी तेच रीडिंग सरफेसचं म्हणून वापरत होतो, ग्राफ इतका छान यायचा की शंकाच आली नाही. साधा हिशोब करा: हीट फ्लक्स चौरस मीटरला 5 मेगावॅट आणि गरम स्टीलची कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) साधारण 30 वॅट प्रति मीटर प्रति डिग्री धरली तर दर मिलिमीटरला जवळपास 170 डिग्रीचा फरक पडतो, म्हणजे 2 मिमीवर तीनशेच्या वर! चादर 600 ला फाटली असं मी म्हणत होतो, पण त्या क्षणी सरफेस कितीतरी खाली गेलेला होता. शिवाय आतलं थर्मोकपल उशिरा जागं होतं. त्यामुळे सेन्सर जमेल तितका सरफेसजवळ ठेवा, भोक मागच्या बाजूने पाडा आणि सरफेसचं तापमान इन्व्हर्स पद्धतीने, म्हणजे आतल्या रीडिंगवरून उलटं गणित करून काढा. आणि हो, अशा कूलिंगमध्ये जाड प्लेटला आतबाहेर एकच तापमान धरायचं नाही, बायो नंबर (आत उष्णता वाहायला होणारा अडथळा आणि सरफेसवरून ती बाहेर पडायला होणारा अडथळा यांचं गुणोत्तर) 0.1 च्या कितीतरी वर जातो.

पाण्याचं तापमान नोंदवत नसाल तर आजपासून नोंदवा. कोमट पाण्यात चादर जास्त वेळ टिकते, त्यामुळे तोच फ्लो ठेवूनही कूलिंग ढिलं पडतं आणि लोक उगाच पंपाला दोष देतात.

स्केलबद्दल, म्हणजे तापलेल्या स्टीलवर चढणाऱ्या ऑक्साइडच्या थराबद्दल, लोकांची समजूत अर्धीच असते, ऑक्साइडचा थर म्हणजे इन्सुलेशन, म्हणून कूलिंग कमीच होणार. पण पातळ थराची बाहेरची बाजू स्टीलपेक्षा आधी गार होते, त्यामुळे पाणी तिथे लवकर टेकतं आणि तो भाग उलट जास्त वेगाने थंड होऊ शकतो. जेट सगळे ठीक असून प्लेटवर ठिपक्याठिपक्यांचे काळे डाग दिसत असतील तर आधी स्केल बघा, सरळ रेषेत कमी गार झालेला पट्टा दिसत असेल तर मात्र नोझल तपासा, एखादं तुंबलेलं असू शकतं.

वरच्या बाजूला पाणी साचतं, खालच्या बाजूने ते लगेच गळून पडतं, म्हणून दोन्हीकडे सारखा फ्लो दिला म्हणजे सारखं कूलिंग झालं असं होत नाही. साचलेलं पाणी साइड स्प्रेने झटकून टाका, आणि पायरोमीटरचं (प्लेटच्या उजेडावरून लांबूनच तापमान मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग त्यानंतरच घ्या, मध्ये पाणी किंवा वाफ असली की तो प्लेटचं खरं तापमान दाखवतच नाही.