कुंडीत पेंड टाकताय? आधी कुत्र्याचं बघा

मार्च लागला की आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात सकाळी भिजवलेली कुंडी दुपारी भेगाळते, मग जो तो मल्चिंगच्या, म्हणजे मातीवर आच्छादन घालायच्या मागे, पालापाचोळा, पाचट, पऱ्हाटीचा भुगा, मिळेल ते टाका. टाका ना, पण घरात कुत्रं-मांजर असेल तर काय टाकताय ते बघा.

सगळ्यात आधी एरंडीची पेंड. दुकानदार सांगतो 'एकदम ऑरगॅनिक आहे भाऊ', खरंय, पण विषही ऑरगॅनिक असतंच की. एरंडीच्या बीमध्ये रायसिन असतं, तेल काढलं तरी ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं. आणि कुत्र्याला ती पेंड म्हणजे खाऊ. आमचा बंडू गुलाबाच्या आळ्यात नाक खुपसून बसलेला, मला वाटलं माती उकरतोय, मिशांना तपकिरी भुकटी बघून मी हसलो पण. दुसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टर म्हणाले याला उतारा नाही, सलाईनवर धरून ठेवायचं. तीन दिवस लावलं, वाचला. तेव्हापासून निंबोळी पेंडच, कडू असते, तो हुंगतो आणि निघून जातो. बोनमील घालायचं तर खोल गाडा, हाडाच्या वासाने कुत्रं अख्खं आळं उपसतं आणि सोबतची पेंडही खातं. सरकीच्या ढेपेतही गॉसिपॉल नावाचं विष असतं, म्हशीला चालते म्हणून कुत्र्याला चालत नाही, गोणीचं तोंड बांधून ठेवा.

ऑनलाइन कोको शेलचं मल्च मिळतं, चॉकलेटसारखा वास येतो, त्यात चॉकलेटमधलंच थिओब्रोमिन असतं, ते कुत्र्याला विषारी, नकोच ते. कोकोपीट वेगळं बरं का, ते नारळाचं, लोक दोन्हींत गल्लत करतात. भुईमुगाची टरफलं चालतात पण कोरडी, बुरशी चढलेली नको.

आता खरी भीती खळ्यातल्या पुड्यांची. थायमेट म्हणजे फोरेट, पिकावरचं कीटकनाशक, 2020 संपताना त्यावर बंदी आली, तरी जुनी पुडी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात खोचलेली असतेच. ते पोटात गेलं की लाळ गळते, अंग थरथरतं, अशा वेळी डॉक्टर अॅट्रोपिन देतात, म्हणून वेळ घालवू नका. उंदराची काळी पूड, झिंक फॉस्फाईड, पोटात गेल्यावर तिचा विषारी गॅस होतो. म्हणून वरून भाकर, दूध काही देऊ नका, आणि गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, कुत्रं ओकलं तर तो गॅस आपल्यालाही बाधतो. दुसरी एक केकसारखी वडी येते, ब्रोमॅडिओलोनची, तिच्यात कुत्रं तीन-चार दिवस ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. खाताना दिसलं तर 'काही नाही झालं' म्हणत बसू नका, लगेच न्या, तिच्यावर व्हिटॅमिन के-वन चालतं.

झाडांत कण्हेर, पिवळी बिट्टी, शोभेचं सायकस, मांजर असेल तर लिली, एवढी दारात नको.

आणि मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, आमच्या आबांचा पहिला उपाय तोच होता, हातातून ग्लास काढून घ्यावा लागला. जे खाल्लं त्याची पुडी किंवा गोणीवरच्या लेबलचा फोटो सोबत घ्या, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतात आणि आपण 'पांढरं काहीतरी होतं' म्हणून उभे राहतो.