शेजारीण ‘कमिंग आउट ऑफ अवर इअर्स’ म्हणाली, तर पिशवी काढा

लातूर-नांदेड-परभणीकडून इंग्लंडात नव्यानं आलेल्यांसाठी हे.

जुलै-ऑगस्टात इथल्या परसात कोर्जेटला ऊत येतो. ही भोपळ्याच्या जातीची, दिसायला काकडीसारखी भाजी. मग शेजारीण कुंपणावरून म्हणते, ‘वी हॅव गॉट कोर्जेट्स कमिंग आउट ऑफ अवर इअर्स.’ शब्दशः ‘आमच्या कानातून कोर्जेट बाहेर येतायत’. आपण ‘मोप झालंय, सरता सरंना’ म्हणतो, तेच हे. पण त्यात इशाराही असतो, की थोडं न्या. नुसतं ‘ओ, नाइस’ म्हणून आत गेलात तर ती हिरमुसणार. ‘हॅपी टू टेक अ फ्यू’ म्हणा आणि पिशवी पुढं करा. वीतभर लांबीच्या घ्या, त्या भाजीला बऱ्या. तोडायची राहून दुधीएवढी झालेली पदरात पडलीच, तर बिया काढून किसा, पाणी पिळा आणि धपाट्यांच्या पिठात घाला.

वाक्याची मांडणी ठरलेली आहे. आधी ‘हॅव’ किंवा ‘हॅव गॉट’, मग वस्तू, मग ‘कमिंग आउट ऑफ’, शेवटी कान. ‘आय’ असेल तर ‘माय’, ‘शी’ असेल तर ‘हर’. आपल्या ‘कानातून’च्या सवयीनं ‘फ्रॉम’ तोंडात येतं, तिथंच बिघडतं. ‘अप टू माय इअर्स इन वर्क’ हे वेगळं: त्यात माणूस कामात बुडालेला असतो आणि वस्तू ‘इन’च्या नंतर येते. ‘स्टीम’ कानातून निघाली तर तो राग.

ऑफिसात साहेब ‘आय हॅव गॉट रिपोर्ट्स कमिंग आउट ऑफ माय इअर्स’ म्हणाले, की समजा आज आपली फाइल सरकत नाही. ‘शॅल आय कम बॅक ऑन थर्सडे?’ एवढं विचारून निघा.

पैशाबद्दल हे ‘कमिंग आउट ऑफ इअर्स’ बोलतात ते बहुधा माणसाच्या पाठीमागं, आणि त्यात थोडी जळजळ असतेच. मोप असण्याबद्दलचाच दुसरा वाक्प्रचार, ‘टेन अ पेनी’, मात्र जपून. ते आपलं ‘पैशाला पासरी’. अमेरिकेत ‘अ डाइम अ डझन’. त्यात किंमत नसल्याचा सूर असतो, म्हणून कुणाच्या डिग्रीबद्दल बोललात तर तो सरळ अपमान.

नोकरीच्या अर्जात, बँकेच्या पत्रात यातलं काहीच नको. तिथं ‘अ लार्ज नंबर ऑफ’ लिहा. आणि कान खरंच वाहत असेल, तर डॉक्टरांना सरळ ‘आय हॅव डिस्चार्ज फ्रॉम माय इअर’ सांगा. इथं ‘फ्रॉम’ चालतं.