बॉल पायथनची कात तुकड्यांत निघत होती: मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आर्द्रता कशी टिकली

लक्षण: एप्रिलपासून माझ्या बॉल पायथनची (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) कात अखंड न निघता तुकड्यांत, शेपटीच्या टोकाला अडकलेली. आर्द्रता ३० टक्क्यांवर, हवी ५५ ते ६५. पेटी काचेची, ४ बाय २ फूट, वर जाळीचं झाकण.

दिवसातून दोनदा फवारणी केली. आकडा चढायचा आणि तासाभरात खाली. वर्तमानपत्र ओलं ठेवलं, तर पोटाच्या खवल्यांना सडण्याचा धोका. दोन महिने यातच गेले, फार वैताग आला.

उपाय, याच क्रमाने:

आधी डिजिटल आर्द्रतामापक तपासा. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, ते झाकण आणि मापक दोन्ही हवाबंद डब्यात २४ तास. ७५ दाखवायला हवं. माझा ९ ने जास्त दाखवत होता.

मग जाळीचा तीन चतुर्थांश भाग अ‍ॅक्रिलिक शीटने झाका. खरी गळती इथेच: दिव्याने तापलेली हवा ओल घेऊन वर निघून जाते. उरलेला भाग हवेसाठी उघडाच ठेवा.

नर्सरीतली ५ किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) वीट दोन पाण्यांत धुवा (क्षार निघतात), घट्ट पिळा, ४ इंच थर द्या. फवारायचं नाही. आठवड्यातून एकदा चारही कोपऱ्यांत मिळून दीड लिटर पाणी ओता. तळ ओला, वरचा थर कोरडा राहिला पाहिजे.

पाण्याचं भांडं उबदार बाजूला. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले, की ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) झाकणबंद डबा आत, सापापुरतं भोक पाडून.

खोलीच ३५ अंशांवर गेली तर दिवा बंद करून कूलर लावा.

(हे परदेशी, परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी केलेल्या सापाबद्दल आहे. देशी साप पाळणं कायद्याने गुन्हा आहे.)